लेप्याचा दुसरा डोळा

आगाशे सरांना मासे खाताना रत्नागिरीत कोणी पाहिलं नव्हतं आणि चुकीचं मराठी ऐकून गप्प बसतानाही कोणी पाहिलं नव्हतं. पहिली गोष्ट त्यांना वाडवडिलांकडून आयती मिळाली होती, दुसरी त्यांनी चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवून स्वकष्टाने कमावली होती. निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नाहीत, तेव्हा ते घरी येणाऱ्या लग्नपत्रिका तपासू लागले. अशीच एक तपासलेली पत्रिका आहेराच्या पाकिटाबरोबर चुकून वधूपित्याच्या हातात गेली. दहापैकी साडेपाच गुण होते. ते घराणं अजून आगाशांशी बोलत नाही.

पाकीट देणाऱ्या मथुराकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी. नवरा असाच दिवसभर घरात राहिला तर एक दिवस आमटीलाही गुण मिळतील, हे त्यांनी ओळखलं. बंदराकडच्या पालिकेच्या शाळेत आठवड्यातून एक तास शिकवायला जा, हे त्यांनीच सुचवलं. सर दर गुरुवारी दुसरीच्या वर्गावर जाऊ लागले. तासाला त्यांनी नाव दिलं ‘शुद्ध संभाषण’. मोबदला घ्यायचा नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. देणार आहोत असं कोणी म्हटलं नव्हतं, पण जाहीर केलेलं बरं असतं.

त्या वर्गात आयात नावाची एक मुलगी होती. तिचे आजोबा गुलाम रसूल यांची स्वतःची होडी, आजी मरियम बाजारात मासे विकायला बसायची आणि बाप फैझान नोकरीसाठी कुवेतला. जानेवारीतल्या एका गुरुवारी सरांनी विचारलं, “आज कोण काय सांगणार?” आयात ताडकन उभी राहिली.

“आज सकाली दादांच्या होडीला म्होप म्हावरा गावला!”

“सकाळी,” सर म्हणाले. “आणि दादा म्हणजे मोठा भाऊ. आजोबांना आजोबा म्हणावं. म्होप नव्हे, पुष्कळ. म्हावरा नव्हे, मासळी. गावला नव्हे, मिळाली. हं, म्हण आता.”

एवढी डागडुजी झाल्यावर त्या वाक्यात आयातचे स्वतःचे म्हणावेत असे ‘आज’ आणि ‘होडीला’ हे दोनच शब्द शिल्लक राहिले. वर्ग खो खो हसला. खोटं कशाला सांगा, सरही मिशीतल्या मिशीत हसले. आयात खाली बसली आणि सर पुढच्या मुलाकडे वळले.

तीन आठवड्यांनी वर्गशिक्षिका वेदिकाबाईंनी सरांना व्हरांड्यात गाठलं. वेदिकाबाई कधीकाळी सरांच्याच विद्यार्थिनी, त्यामुळे त्या सरांशी बोलताना मनातल्या मनात वाक्य एकदा तपासून घेत.

“सर, आयात त्या दिवसापासून वर्गात एक शब्दही बोललेली नाही. हजेरीला नुसता हात वर करते. कविता येते, म्हणत नाही. काल तिच्या वडिलांचा कुवेतहून फोन आला होता. परीक्षेपर्यंत मुलगी बोलली नाही तर जूनमध्ये नाव काढणार म्हणतात. हातखंब्याकडे इंग्रजी शाळा आहे, गाडी दारात येते.”

सर घरी आले ते जेवलेच नाहीत. आयुष्यभर त्यांनी व्यासपीठांवरून सांगितलं होतं की इंग्रजी शाळा मराठीचा घास घेतायत. आणि इथे एक पोर मराठी शाळेतून निघाली होती ती इंग्रजीमुळे नव्हे, विश्वनाथ रामचंद्र आगाशे यांच्यामुळे. सरांना फार वाईट वाटलं. त्यांनी ते मथुराकाकूंना सांगितलंही.

“मग तिच्या घरी जा आणि सांगा, माझं चुकलं म्हणून,” काकू म्हणाल्या.

हा उपाय सरांना फार घाईचा वाटला. चुकलं म्हणण्याची त्यांना सवय नव्हती; त्यांच्याकडे चुकायचे ते दुसरे. त्यांनी त्यापेक्षा सोपा मार्ग काढला. एक तक्ता करायचा. माशांची चित्रं काढायची, खाली त्यांची इथली नावं लिहायची आणि फेब्रुवारीअखेरच्या भाषा दिनाला तो आयातकडून वाचून घ्यायचा. आपल्या घरातली नावं भिंतीवर दिसली की पोर बोलेल. योजनेत दोष असा एकच होता, की सरांना मासा आणि मासा यांतला फरक कळत नव्हता.

नावं गोळा करायची म्हणजे बंदरावर जायला हवं. एका सकाळी सर धोतर सावरत, नाकाला रुमाल लावून, हातात वही घेऊन लिलावात जाऊन उभे राहिले. लिलाव करणाऱ्याला वाटलं हे कुठले तरी तपासनीस. त्याने आवाज खाली आणला. शेजारच्याने कागदपत्रं काढली. दोन होड्या धक्क्याला लागता लागता मागे फिरल्या. तेवढ्यात गुलाम रसूल गर्दीतून पुढे आले.

“मास्तर, तुम्ही हिकडं कशे? वाट चुकलात का काय?”

“नाही, जरा माशांची नावं हवी होती.”

“नावं?” गुलाम रसूल यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “नुसती नावं? म्हावरा नको?”

मग त्यांनी सरांना हाताला धरून टोपल्याटोपल्यांवरून फिरवलं. हा बांगडा, ही तारली, हा गेदर, हा सौंदाळा, हा लेपा, ही राणी. सर चार हातांवरून लिहून घेत होते. जवळ जायचं धाडस त्यांच्या पोटाला नव्हतं. निघताना गुलाम रसूल म्हणाले, “आमची आयात तुमच्याच शालेत हाय ना? घरात इतकी बोलते, आमचे कान किटतात. शालेत जाताना तोंड घरात ठेवून जाते बघा. काय झालंय, कलत नाय.”

सरांना कळत होतं. सांगण्याची ती अगदी योग्य वेळ होती, आणि सर म्हणाले, “गेदर लिहिताना ‘ग’च ना, ‘घ’ नव्हे?” आणि वहीत डोकं घातलं.

परतताना त्यांच्यामागे मांजरं लागली. एक बंदरापासून, दोन बाजारापासून. घराच्या फाटकाशी सर पोचले तेव्हा पाच होती, आणि फाटकासमोरच्या ओट्यावर आनंदीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. आनंदीबाई शेजारी राहत आणि आळीची बातमीपत्रं चालवत. चार दिवस सर सकाळी वही घेऊन गेले आणि मांजरं घेऊन आले. पाचव्या दिवशी देवळात कीर्तनकारांनी सरांकडे बघून अभक्ष्यभक्षणावर अर्धा तास घेतला.

“आगाशे मासे खायला लागले,” ही बातमी इतक्या शुद्ध मराठीत फिरत होती, की सरांना तिच्यात एकही चूक काढता येईना. पुण्याहून मुलाचा फोन आला, “बाबा, प्रोटीनसाठी खाताय का? चांगलं आहे.” जुने मुख्याध्यापक भेटले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “उतारवयात होतं असं. मन खंबीर ठेवा.” सर घरात येरझारा घालू लागले. चारचौघांत जाऊन ‘मी मासे खात नाही’ असं ओरडणं प्रतिष्ठेला शोभत नव्हतं, आणि न ओरडल्यामुळे प्रतिष्ठा उरत नव्हती.

त्याच संध्याकाळी आनंदीबाई मागच्या दाराने आल्या. पदराखाली डबा होता.

“भावजी, तुम्ही बंदरावर जाताच आहात, तर उद्या चार पापलेटं आणाल का? आमचे जावई मुंबईहून यायचेत, त्यांना लागतात हो. आम्ही कसं जाणार? लोक काय म्हणतील? तुमचं काय, तुमचं नाव तर झालंच आहे.”

सरांनी त्यांना दाराबाहेर काढलं नाही, एवढीच त्यांच्या संस्कारांची कमाल. पापलेटं मात्र आणली नाहीत. त्यामुळे ‘आगाशे स्वतः खातात आणि दुसऱ्याला देत नाहीत’ अशी सुधारित आवृत्ती दुसऱ्या दिवशी निघाली.

एवढ्यावर भागलं असतं तर तक्ता कॅलेंडरएवढा राहिला असता. पण शाळेच्या भिंतीवर काही लावायचं तर परवानगी लागते. सर परवानगीसाठी एका कचेरीत गेले. कोणत्या ते सांगत नाही, सरांना अजून तिथे जावं लागतं. खुर्चीवर अजिंक्य नावाचा कारकून होता. तोही सरांचाच विद्यार्थी. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि एक जुनी फाइल काढून सरांपुढे ठेवली.

“सर, हे तक्त्याचं जरा अवघड आहे. हा ठराव बघा. ‘शाळांच्या भिंतींवरील साहित्य केवळ प्रमाण मराठीत असावे. बोलीतील, ग्राम्य व स्थानिक शब्द कटाक्षाने टाळावेत.’ पंधरा वर्षं झाली, कोणी रद्द केलेला नाही.”

“कोणत्या मूर्खाने असला ठराव मांडला?” सर उसळले.

अजिंक्यने पान उलटलं. सूचक: वि. रा. आगाशे. सही तीच, वेलांटीला तोच दिमाखदार फाटा. सरांनी चहाचा कप उचलला आणि बराच वेळ चहा संपला असूनही पीत राहिले.

“यात एकच करता येईल,” अजिंक्य हळूच म्हणाला. “सूचकानेच हरकत घेतली तर फेरविचार होतो. तुम्ही तुमच्याविरुद्ध अर्ज करा.”

सरांनी केला. ‘श्री. आगाशे यांचा उपरोक्त ठराव अदूरदृष्टीचा असून...’ अशी सुरुवात करताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं, पण तिसऱ्या परिच्छेदापर्यंत त्यांना गोडी लागली आणि त्यांनी श्री. आगाशे यांना असं काही झोडपलं की अजिंक्यला म्हणावं लागलं, “सर, पुरे, ते वृद्ध गृहस्थ आहेत.” अर्ज पुढे गेला. पुढच्या टेबलाने विषयात ‘मासे’ हा शब्द वाचला आणि कागद मासेमारीशी संबंधित दुसऱ्याच खात्याकडे रवाना केला. तिथून आठ दिवसांत उत्तर आलं. सरकारी कागद आठ दिवसांत परत यावा, हे या गोष्टीतलं सगळ्यात अविश्वसनीय असलं तरी खरं आहे. उत्तर असं होतं: ‘हरकत नाही. मात्र सदर तक्त्यातील मासे विहित किमान लांबीपेक्षा लहान नसावेत.’

‘हरकत नाही’वर अजिंक्यने परवानगीचा शिक्का मारला. लांबीची अट दुसऱ्या कोणी हसून सोडून दिली असती. पण सर नियमातले. त्यांनी सोबतचं कोष्टक काढलं, फूटपट्टी घेतली आणि एकेक मासा पुरेशा लांबीचा काढायला बसले. गेदरानेच अर्धी खोली घेतली. कॅलेंडराचा तक्ता झाला, तक्त्याचा पडदा झाला, शेवटी कापडवाल्याकडून दहा फूट मांजरपाट आणावं लागलं. हे ‘मांजरपाट’ ऐकून मथुराकाकूंना तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. दिवाणखान्यातल्या खुर्च्या व्हरांड्यात गेल्या आणि काकू आठवडाभर सुरमईला वळसा घालून देवघरात जात होत्या.

चित्रं सर मोबाइलवर बघून काढत होते. माणूस कष्टाळू, खवलं न् खवलं मोजून. फक्त लेप्यापाशी ते अडले. लेपा हा चपटा मासा. मोबाइलवरच्या चित्रात त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला, शेजारी शेजारी होते. सरांनी चष्मा पुसला. दुसरं चित्र बघितलं, तिथेही तेच.

“बघितलंस?” ते काकूंना म्हणाले. “एकाने चूक केली, दुसऱ्याने डोळे मिटून उतरवून काढली. आमच्या वेळी वह्यांत असंच चालायचं. अगं, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, ही साधी गोष्ट आहे. बाकीच्या माशांना आहे की.”

“तुम्ही लेपा बघितलात ना बंदरावर?”

“चार हातांवरून. पण तर्क नावाची काही गोष्ट असते.”

आणि सरांनी लेपा दुरुस्त केला. एक डोळा ठेवला, दुसरा पलीकडच्या बाजूला गेला असं धरून गाळला. लेपा इतर माशांसारखा नीटनेटका दिसू लागला.

भाषा दिनाला दहा फुटी तक्ता घेऊन रिक्षा शाळेत आली. दुसरीच्या भिंतीवर तो मावेना, म्हणून फळ्यावरून सुरू होऊन खिडकीवरून वळून दारापर्यंत गेला. बंदरावर बातमी आधीच पोचली होती. मास्तरांनी आपल्या म्हावऱ्याचा तक्ता केलाय म्हटल्यावर गुलाम रसूल इस्त्रीचा सदरा घालून आले, मरियम बाजारातून तशीच उठून आली आणि तिच्यासोबत आणखी आठदहा मासेवाल्या. आनंदीबाईही आल्या, कारण न येऊन कसं चालेल? आयात पहिल्या बाकावर ओठ घट्ट मिटून बसली होती. सरांनी काठी हातात घेऊन तिच्याकडे बघितलं.

“आयात, तू वाचतेस ना बाळ?”

आयातने मान हलवली. नाही म्हणून. सरांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा मान हलवली. एक महिना, एवढी मांजरं, एवढी बेअब्रू, आणि पोर बोलायला तयार नव्हती. सर काठी तक्त्याकडे वळवून स्वतःच वाचायला लागले. बांगडा ठीक गेला. तारली गेली. तेवढ्यात मागून मरियमचा आवाज आला.

“मास्तर, ह्या लेप्याचा दुसरा डोला कुटं हाय? मांजरीनं नेला का काय?”

“छे छे,” सर खुलले. समजावून सांगायची संधी आली की ते खुलतातच. “मूळ चित्रात दोष होता. दोन्ही डोळे एकाच बाजूला काढले होते. मी ते दुरुस्त केलं.”

मरियमने शेजारणीकडे बघितलं. मग एका मासेवालीने पदर तोंडाला लावला, दुसरीने लावलाच नाही. “मास्तरांनी लेपा दुरुस्त केला गो!” अशी जी हाक उठली, ती दारातून व्हरांड्यात आणि तिथून तिसरीच्या वर्गात गेली. गुलाम रसूल भिंतीला टेकून डोळे पुसत होते. वेदिकाबाई हजेरीपटाआड गेल्या. पोरं बाकांवर लोळली. कोणी म्हणालं, “खुदाची चूक मास्तरांनी काडली!” आणि पुन्हा नव्याने सुरू झालं.

सर काठी धरून उभे होते. पुढचा शब्द म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण काही आलं नाही. पुन्हा उघडलं. चौतीस वर्षांत वर्गासमोर त्यांना असं कधी झालं नव्हतं. सगळे शब्द पाठ होते, ते जिभेपर्यंत येत होते आणि तिथून हसण्याला घाबरून मागे फिरत होते. त्यांचे कान लाल झाले. काठी कुठे ठेवावी, हेही त्यांना कळेना.

“हसू नका!”

आवाज पहिल्या बाकावरून आला होता. आयात उभी होती आणि सरांकडे नव्हे, तर मागे वळून सगळ्यांकडे बघत होती.

“हसू नका! हसलात का मग बोलवत नाय!”

बाकांवर लोळणारी पोरं उठून बसली. मरियमने तोंडावरचा हात काढला. एवढ्याशा पोरीला दीड महिना काय होत होतं, ते त्या खोलीत सगळ्यांना एकदम कळलं. आणि सरांना तर कधीपासूनच माहीत होतं, पण ते कसं वाटतं हे आत्ता कळलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

“आयात,” सर म्हणाले, आणि मग गुलाम रसूल यांच्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, “हिचं तोंड मी बंद केलं होतं. हिच्या वाक्यात मी चुका काढल्या, वर्ग हसला आणि मीही हसलो. तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं.”

गुलाम रसूल भिंतीपासून पुढे आले. मग म्हणाले, “मास्तर, तवाच धक्क्यावर बोलायचं व्हतं. इतकं मोठ्ठं फडकं रंगवायला कशाला बसलात?”

आयातला या मोठ्या माणसांच्या बोलण्यात रस नव्हता. ती बाकावरून बाहेर आली, वेदिकाबाईंच्या टेबलावरचं काळं स्केचपेन घेतलं आणि टाचा उंचावून लेप्याला दुसरा डोळा काढला, पहिल्याच्या अगदी शेजारी.

“पन मग दुसऱ्या बाजूला काहीच दिसत नाही का त्याला?” सरांनी खरोखर न कळून विचारलं. ‘पन’ म्हणालो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“ती बाजू वालूवर असते, सर. तो वालूत निजून असतो. खाली काय बघायचा हाय त्याला?” आयात म्हणाली. मग गेदर कुठे असतो, तारली थव्याने का फिरते, राणीचे काटे कुठे टोचतात आणि दादा कसे शिव्या देतात, हे सगळं एका दमात सुरू झालं. दीड महिन्याचं साठलेलं होतं. मधली सुट्टी झाली, घंटा झाली, कोणी उठलं नाही. मरियमची गिऱ्हाइकं बाजारात वाट बघत बसली. आनंदीबाई पापलेटाजवळ सरकून फार बारकाईने ऐकत होत्या. फैझानला कुवेतला वेदिकाबाईंनी तिथूनच फोन लावला आणि काहीच न बोलता फोन आयातच्या दिशेने धरून ठेवला.

शेवटी आयातने सरांच्या हातातली काठी काढून घेतली.

“आता तुमी बसा. मी दाखवते, तुमी नाव सांगा.”

सर दुसरीच्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. आयातने काठी एका माशावर ठेवली. सरांनी बराच विचार केला, घसा खाकरला आणि ठाम आवाजात चुकीचं नाव सांगितलं.

कोणी हसलं नाही.